मापाचे माप

ठाणे शहराच्या पश्चिम भागात वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत वागळे इस्टेटची गणना होते. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात भारतातील जुनी वजने व मापे व्यवहारातून कायद्याने बाद झाली आणि मीटर, किलोग्रॅम व लिटर यांचा एकछत्री अंमल सुरू झाला. या दोन घटना चार महिन्यांच्या अंतराने घडाव्यात हा योगायोग खरा; परंतु दोहोंमागील गरज एकच होती. वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात बनलेला बोल्ट पुण्याच्या कारखान्यात बनलेल्या नटात बिनतक्रार बसला पाहिजे, आणि ठाण्याच्या बाजारातील किलो नागपूरच्या बाजारातही किलोच भरला पाहिजे.

ठाणे-कळव्याच्या कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांनी अशा कारखान्यांत लेथवर, मिलिंगवर किंवा टूलरूममध्ये उमेदीची वर्षे घालविली आहेत. लेथवरील कामगार सळईची जाडी मायक्रोमीटरने पाहतो. तो मायक्रोमीटर खरा आहे की नाही हे स्लिप गेज नावाच्या पोलादी ठोकळ्यांनी तपासले जाते. ते ठोकळे एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पारखले जातात. त्या प्रयोगशाळेची मापे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी जुळवलेली असतात. आणि दिल्लीचे नाते पॅरिसजवळील सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाशी असते. ही साखळी कडी-कडीने मागे नेत गेल्यास शेवटी एक प्रश्न उभा राहतो. ज्याच्या मागे पडताळायला दुसरे काहीच नव्हते, त्या पहिल्या मापाला माप कोणी लावले? पारखलेले एकही उपकरण हाताशी नसताना माणसाने खरेपणा कोठून आणला?

काठी आणि पाऊल

पहिले उपकरण माणसाचा देह हेच होते. वीत, हात, मूठ, पाऊल, वाव ही मापे कोणालाही विकत घ्यावी लागत नाहीत. अडचण एवढीच की माझा हात आणि तुमचा हात सारखा नसतो. जमिनीची मोजणी करून तिच्यावर सारा ठरवायचा असेल तर ही अडचण शेतकऱ्याच्या पोटावर येते. लांब काठीने शेत मोजले तर ते कागदावर लहान भरते आणि आखूड काठीने मोठे. काठी चार बोटांनी आखूड केली की शेत न वाढताही त्यावरील सारा वाढतो.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तो यांनी केलेल्या जमीन मोजणीचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत आढळते. मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची ठरविण्यात आली. येथवर ते देहाचेच माप होते. पण पुढची पायरी महत्त्वाची आहे. एक हात चौदा तसूंचा धरावा आणि हात व मुठी मिळून काठी ८२ तसूंची व्हावी, असे बांधून देण्यात आले. पाच हातांचे ७० तसू आणि पाच मुठींचे १२. अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. तसूंचा आकडा ठरताच काठी मोजणाऱ्या कारकुनाच्या हातापासून सुटी झाली. कारकून उंच असो वा ठेंगणा, काठी बदलत नाही. कल्याण व भिवंडी १६५७ मध्ये महाराजांच्या ताब्यात आली होती. तेव्हा ही काठी आपल्या परिसरालाही परकी नव्हती.

याच अडचणीवर युरोपात निघालेली एक युक्ती ऐकण्यासारखी आहे. जर्मनीतील ओपनहाइम नगराचे लेखक याकोब क्योबेल यांच्या १५३० च्या दशकात छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात तिचे चित्रच आहे. रविवारी उपासना संपल्यावर चर्चमधून बाहेर पडणाऱ्या सोळा पुरुषांना थांबवावे; जे येतील ते घ्यावेत, उंच आणि बुटके, निवड करू नये. त्यांनी आपली डावी पावले एकापुढे एक लावून उभे राहावे. जी लांबी भरेल ती जमीन मोजण्याची कायदेशीर काठी आणि तिचा सोळावा भाग म्हणजे कायदेशीर फूट. एकाचे पाऊल मोठे, दुसऱ्याचे लहान. पण सोळांच्या बेरजेत कमीजास्तपणा परस्परांना झाकून टाकतो. आज संख्याशास्त्रात ज्याला सरासरी म्हणतात ती चर्चच्या दारात उभी राहिली. शिवाय ती साऱ्या गावासमक्ष ठरली. उद्या कोणी काठी तोडून आखूड केली तर पुढच्या रविवारी पुन्हा सोळा माणसे मिळणारच होती!

शिगेचा हिशेब

मोजणीच्या काठीचा प्रश्न वर्षानुवर्षांतून एकदा येई; धान्याच्या मापाचा प्रश्न रोजचा होता. सोळाव्या शतकात ठाणे, साष्टी आणि वसई पोर्तुगीज अमलाखाली होती. ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली. या काळात पोर्तुगीज अधिकाऱ्यांना प्रत्येक बंदरात निराळेच माप भेटे. १५५४ मध्ये आंतोनियो नुनिश या हिशेबनिसाने हिंदुस्थानातील व पूर्वेकडील वजने, मापे आणि नाणी यांचा एक ग्रंथच तयार केला. होर्मुझपासून मलाक्क्यापर्यंतच्या बंदरांत खंडी केवढी, मण केवढा, भाराचे हिशेब कसे, हे त्यात नोंदवले आहे. नुनिश यांच्यापाशी सर्व बंदरांना लागू पडेल असे एक प्रमाण नव्हते. त्यांनी एका गावचे माप दुसऱ्या गावच्या मापात सांगितले. म्हणजेच पारखलेले उपकरण नसताना त्यांनी नात्यांचा तक्ता केला, आणि व्यापार त्या तक्त्यावर चालला.

मराठी मुलखात चार शेरांची पायली, अनेक ठिकाणी बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी असे. मात्र कोठे सोळा पायल्यांचा मण असे, आणि मुळात शेरच गावोगाव बदले. वजनी मणाचीही तीच गत होती. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर सरकारी बंगाली मण ८२ पौंडांहून किंचित अधिक. नाव एक आणि भार जवळजवळ तिप्पट! कोकणात गवताच्या वेठणात बांधलेला भाताचा मुडा हेही एक मापच होते.

धान्याच्या मापात आणखी एक खोच आहे. पायली सपाट भरायची की शीग लावून? धान्य वरून ओतायचे की हळूच भरायचे? माप हलवायचे की नाही? लाकडाची तीच पायली मापणाऱ्याच्या मनगटाप्रमाणे कमी-अधिक धान्य घेते. घेताना शीग आणि देताना सपाट, हा सावकारी हिशेब कर्जाऊ भात घेणाऱ्या कुळाला कागदावर कधीच दिसत नसे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच रुजलेला नाही. शुभवर्तमानात उदारपणाची कल्पना देताना प्रभू येशूने धान्य मापण्याचीच प्रतिमा योजली. मापाचा रिकामा कोपरा कोठे उरतो आणि तो कोणाच्या पदरात पडतो, हे त्या ऐकणाऱ्या शेतकऱ्यांना ठाऊक होते.

रुपया आणि तराजू

वजनाच्या बाबतीत सामान्य माणसाच्या हाती एक साधन पुढे आपोआप आले. १८३५ पासून कंपनी सरकारच्या सर्व मुलखात एकाच वजनाचा चांदीचा रुपया चालू झाला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा शेर. म्हणून नवे कोरे ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेर तयार. टांकसाळीने घरोघरी वजने वाटली होती म्हणा ना! ‘रुपयाभार’ हा शब्द त्या काळाची खूण म्हणून भाषेत मागे राहिला. अर्थात नाणे हाताळून झिजते. त्यामुळे जुन्या रुपयांचा शेर हलका भरे आणि जाणता गिऱ्हाईक नव्या नाण्यांचा आग्रह धरी.

परंतु वजन खरे असले तरी तराजू खोटा असू शकतो. दांडीची एक बाजू गव्हाच्या दाण्याएवढी लांब केली तरी दुकानदाराचे काम होते. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. माल आणि वजन यांची पारड्यांत अदलाबदल करावी. तराजू खरा असेल तर दांडी पुन्हा सरळ राहील. खोटा असेल तर झुकेल. त्याहून नवलाची गोष्ट अशी की खोट्या तराजूवरही खरे वजन काढता येते. एखादा जिन्नस एका पारड्यात ४ शेर भरला आणि दुसऱ्यात ९ शेर, तर त्याचे खरे वजन ६ शेर. कारण चार नवे छत्तीस आणि सहा साहे छत्तीस. उपकरण सदोष असूनही त्याला उलटून-पालटून प्रश्न विचारले तर ते खरे उत्तर देते.

गवंडी आणि सुतार हीच रीत पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत. पाणसळ एका दिशेने ठेवून पाहतात, मग तिची टोके फिरवून त्याच जागी पुन्हा ठेवतात. बुडबुडा दोन्ही वेळा मध्यावर आला तरच पातळी खरी. गुण्याने फळीवर रेघ ओढतात, गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढतात. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर काटकोन खरा. या माणसांपाशी प्रमाणपत्र नव्हते; रीत होती.

न वापरलेली साखळी

१८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्टन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीची पहिली आधाररेषा मोजायला घेतली. प्रेषित संत थोमा यांच्या हौतात्म्याचे स्थान म्हणून परंपरेने पूज्य असलेली हीच ती टेकडी. रेषा साडेसात मैलांची, म्हणजे सुमारे बारा किलोमीटरची होती, आणि मोजायचे साधन शंभर फुटांची पोलादी साखळी. ही साखळी पूर्वी चीनच्या बादशहाकडे गेलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर गेली होती आणि तेथून कलकत्त्यास आली होती.

पोलाद उन्हात वाढते. दहा अंश सेल्सिअसच्या फरकाने बारा किलोमीटरच्या मोजणीत सुमारे १.४ मीटरची चूक पडू शकते. लॅम्टन यांनी साखळी लाकडी पेट्यांत सावलीला ठेवली, शेजारी तापमापक लावले आणि प्रत्येक वेळचे तापमान लिहून ठेवले. इंग्लंडहून आणवलेली दुसरी साखळी मोजणीला न वापरता केवळ तुलनेसाठी जपून ठेवली. कामातली साखळी ताणून किती लांबली हे तिच्याशी ताडून पाहिले जाई. लॅम्टन यांना २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या महाराष्ट्रातच, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, मृत्यू आला. ते तेव्हाही मोजणीच्याच कामावर होते. वापरायचे माप आणि तपासायचे माप निराळे ठेवावे, हा त्यांचा नेम आज प्रत्येक चांगल्या टूलरूममध्ये पाळला जातो.

तीन पाट्या

आता पुन्हा वागळे इस्टेटकडे वळू. कारखान्यातील सर्व मापांचा पाया म्हणजे सरफेस प्लेट, अगदी सपाट अशी जड पाटी. तिच्यावर वस्तू ठेवून उंची, काटकोन, समांतरपणा पाहतात. पण पहिली सपाट पाटी कशी बनली असेल? तिला सपाट म्हणायला तिच्याहून सपाट काहीतरी आधी हवे!

याचे उत्तर जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४० मध्ये ग्लासगो येथील विद्वत्सभेत मांडले. लंडनमधील हेन्री मॉड्सली यांच्या नामांकित कारखान्यात त्यांनी काम केलेले होते. रीत अशी : लोखंडाच्या दोन पाट्या घ्या. एकीला पातळ रंग फासून तिच्यावर दुसरी घासा. जेथे रंग लागला तो उंचवटा. तो स्क्रेपरने खरवडून काढा. असे करीत गेल्यास दोन्ही पाट्या एकमेकींत चपखल बसतील. पण एवढ्याने त्या सपाट झाल्या असे नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरीही त्या चपखलच बसतील. दोघांचे एकमत झाले म्हणजे सत्य सापडले, असे नव्हे.

म्हणून तिसरी पाटी घ्यायची. पहिली फुगीर असेल तर तिच्याशी जुळणारी दुसरी खोलगट होईल आणि तिसरीही खोलगट होईल. मग दुसरी आणि तिसरी एकमेकींवर ठेवा. दोन खोलगट पाट्या केवळ कडांना टेकतील, मधे पोकळी राहील आणि लबाडी उघडी पडेल. तिन्ही पाट्या पाळीपाळीने, दिशा बदलून, एकमेकींशी जुळवीत गेले तर सर्व जोड्या जुळण्याचा एकच मार्ग उरतो : तिन्ही सपाट होणे. तीन खडबडीत पाट्यांतून, बाहेरचे कोणतेही प्रमाण न घेता, सपाटपणा जन्माला येतो. सपाट पृष्ठावरून सरळ कड मिळते, सरळ कडेवरून काटकोन आणि त्यावरून अचूक यंत्र. याच व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे एकच प्रमाण सुचविले. ‘व्हिटवर्थचे आटे’ हे नाव आपल्या जुन्या फिटरांना चांगले ठाऊक आहे.

सपाटपणानंतर लांबीचा प्रश्न स्वीडनमधील कार्ल एडवर्ड योहान्सन या बंदूक कारखान्यातील कर्मचाऱ्याने सोडविला. १८९६ मध्ये त्यांना सुचले की वेगवेगळ्या जाडीचे मोजके पोलादी ठोकळे अचूक केले तर ते एकमेकांना जोडून हजारो मापे मिळतील. त्यांच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून सुमारे वीस हजार मापे तयार होत. हे ठोकळे त्यांनी घरच्या शिवणयंत्रात बदल करून घासले, असे सांगतात. तीच आपली स्लिप गेज.

सूत आणि मिलिमीटर

भारताने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा केला, १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय मीटर करारावर सही केली आणि किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीस आली. राज्यांच्या वजनमापे खात्यांना लागणारी प्रमाण वजने मुंबईच्या टांकसाळीत बनू लागली. रुपयाच्या रूपाने जे काम टांकसाळ नकळत करीत होती तेच आता उघडपणे तिच्याकडे आले.

कायदा बदलला तरी हात लगेच बदलत नाही. मिस्त्री-सुतारांच्या बोलण्यात इंचाचा आठवा भाग म्हणजे ‘सूत’ हे माप आजही ऐकू येते. कारखान्यांत इंचाची जुनी यंत्रे आणि मिलिमीटरची नवी ड्रॉइंगे बराच काळ एकत्र नांदली. त्यात ठाण्याच्या हवेची भर. लांबीची जगभरची मापे २० अंश तापमानाला धरलेली असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ३५ अंश असताना १०० मिलिमीटरची पोलादी सळई मिलिमीटरच्या सतरा सहस्रांश भागाने लांब झालेली असते. नाजूक कामात एवढ्याने माल परत येतो आणि लहान कारखानदाराचा महिना बुडतो. वातानुकूलित खोली परवडत नसेल तर उपाय एकच : माल आणि पोलादी गेज काही तास शेजारी ठेवायचे, म्हणजे दोन्ही सारखीच वाढतात आणि त्यांची तुलना खरी राहते. लॅम्टन यांच्या तापमापकाने शिकवलेला धडाच हा!

आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण आजही कानस चालवून लोखंडी तुकडा सपाट व काटकोनात आणण्यापासून सुरू होते. तुकडा गुण्याला लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून किरण दिसला की पुन्हा कानस. मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते. पण तेथे ती आकडा दाखवणाऱ्या यंत्राआधीचा खरेपणा शिकत असतात.

वागळे इस्टेट आज पुष्कळ बदलली आहे. अनेक जुने कारखाने बंद पडले किंवा दूर गेले आणि त्यांच्या जागी संगणक-उद्योगाच्या इमारती आल्या. मापांचे जगही बदलले. सेव्र येथील मूळ किलोग्रॅम आणि त्याच्या प्रती यांत शतकभरात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला. मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगायला तिसरे काही नव्हते. दोन पाट्यांचीच ती अडचण. म्हणून २० मे २०१९ पासून किलोग्रॅम धातूच्या गोळ्यावरून न ठरता निसर्गातील एका स्थिरांकावरून ठरतो, म्हणजे कोणत्याही देशाला तो स्वतः पडताळून पाहता येतो.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ठळक होते. खरे माप कोणा एकाच्या पेटीतून निघाले नाही. सोळा पावले, उलटसुलट केलेली पारडी, जपून ठेवलेली साखळी, तीन पाट्या, या सर्वांत दुसऱ्याला तपासू देण्याची तयारी आहे. जुन्या करारात पिशवीत दोन प्रकारची वजने बाळगू नयेत असा नियम आहे. त्याचे मर्मही हेच की घेण्याचे आणि देण्याचे वजन एकच असावे आणि ते शेजाऱ्यासमोर टाकता यावे. बाजारात वजनावर वैधमापन विभागाचा शिक्का आणि त्याचे वर्ष पाहणे हा आपला हक्क आहे. तो पाहताना संकोच करू नये, आणि कोणी आपले माप तपासू लागला तर रागावू नये. पारडी अदलून बघा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला प्रामाणिक दुकानदार हसून म्हणतो, “बघा की.”